तुम्ही विचारलंत म्हणून: मोठा गेम कधी करणार?

कुडाळजवळच्या गावात आम्ही तिघं मिळून व्हिडिओ गेम बनवतो हे कळलं, की पुढचा प्रश्न ठरलेला असतो. गणपतीला आलेले चाकरमानी विचारतात, कॉलेजातली मुलं विचारतात: "सिंधुदुर्ग किल्ला, आरमार, दशावतार, सगळं हाताशी आहे. मग परदेशातल्यासारखा मोठा गेम कधी करणार?" लोक प्रेमाने विचारतात, म्हणून नीट उत्तर देतो. करणार नाही.

जून २०२३ मध्ये अमेरिकेतल्या एका खटल्यात सोनीचे कागद उघड झाले. आकड्यांवर काळं फासलं होतं, तरी स्कॅनमध्ये ते वाचता आले. 'द लास्ट ऑफ अस पार्ट टू'चा खर्च २२ कोटी डॉलर, 'होरायझन फॉरबिडन वेस्ट'चा २१ कोटी २० लाख. पहिल्या गेमवर ऐन भरात सुमारे २०० माणसं होती, दुसऱ्यावर ३००. यातला बहुतेक पैसा पगारात जातो. माणशी महिन्याला १० हजार डॉलर हा तिकडचा जुना ठोकताळा. त्या हिशेबाने २०० माणसांचं एक वर्ष म्हणजे २ कोटी ४० लाख डॉलर, आणि असा गेम बनवायला पाच-पाच वर्षं लागतात.

एवढी माणसं कशाला? मी गेममधला परिसर उभा करतो, त्यामुळे भिंतीचंच सांगतो. पंचवीस वर्षांपूर्वी चिऱ्यांचा एक फोटो सपाट चौकोनावर चिकटवला की भिंत झाली. आता खेळणारा भिंतीला नाक लावून उभा राहतो. जांभ्याची भोकं खरोखर खोल हवीत, उन्हात त्यांची सावली पडायला हवी. पावसात चिरा गडद व्हायला हवा, भोकात साचलेलं पाणी वेगळं चमकायला हवं, आणि आषाढातलं हिरवं शेवाळ वैशाखात काळं पडलेलं हवं. एका भिंतीत माझा आठवडा सहज जातो, आणि ते काम मला मनापासून आवडतं. पण किल्ला म्हटला की भिंती किती, बुरूज किती, तटाखाली वावरणारी माणसं किती!

आता विक्री बघा. मोठ्या गेमची किंमत वर्षानुवर्षं ६० डॉलर होती, २०२० पासून ती ७० होऊ लागली. ऑनलाइन दुकान साधारण ३० टक्के कापून घेतं, उरतात ४९. वीस कोटी डॉलर नुसते वसूल व्हायला पूर्ण किमतीच्या ४० लाखांवर प्रती खपायला हव्यात, आणि यात जाहिरात धरलेलीच नाही. प्रकाशकाने, म्हणजे गेम बाजारात आणणाऱ्या कंपनीने, पैसे घातले असतील तर काय होतं ते आंबा बागायतदाराला वेगळं सांगायला नको. वाशीच्या दलालाची उचल घेतली की पेट्यांचे पैसे आधी उचलीत वळते होतात. हातात येतात ते त्यानंतर. प्रकाशकाचंही तसंच.

म्हणून एक गेम पडला की स्टुडिओच जातो. 'कॉनकॉर्ड' हा गेम २३ ऑगस्ट २०२४ ला आला, दोन आठवड्यांत बंद झाला आणि ऑक्टोबरात तो बनवणारा फायरवॉक स्टुडिओही बंद झाला. त्याहून मला लागलं ते टँगो गेमवर्क्स या जपानी स्टुडिओचं. त्यांच्या 'हाय-फाय रश' या गेमचं भरभरून कौतुक झालं होतं, तरी मे २०२४ मध्ये मालक मायक्रोसॉफ्टने स्टुडिओ बंद करत असल्याचं जाहीर केलं. पुढे क्राफ्टन या कोरियन गेम कंपनीने तो घेतला, पण असं नशीब क्वचित कोणाचं. एकमेकांच्या हाताचं वळण ओळखणारी माणसं पांगली की ती पुन्हा एका टेबलाशी येत नाहीत, आणि गेम बनतो तो त्या ओळखीतून.

तिकडची झळ इथेही पोचते. पोटासाठी आम्ही परदेशी स्टुडिओंची कामं करतो. त्यातला एक प्रकल्प तिकडेच रद्द झाला आणि अर्ध्यावर आलेलं आमचं काम थांबलं.

लहान गेम सुरक्षित असतो असंही नाही. २०२४ मध्ये स्टीम या एकट्या ऑनलाइन दुकानात १८ हजारांहून जास्त गेम आले. त्यातले बहुतेक कोणाच्या नजरेलाही पडत नाहीत. एरिक बॅरोनने 'स्टारड्यू व्हॅली' हा गाजलेला गेम एकट्याने केला हे उदाहरण मुलं हमखास देतात. पण त्या चारहून जास्त वर्षांत तो थिएटरात अर्धवेळ काम करत होता आणि घर मुख्यतः त्याच्या जोडीदारीणीच्या कमाईवर चाललं होतं. एकट्याने केलेल्या गेमलाही खर्च असतो, तो कोणाच्या तरी घरातून जातो. आमच्याकडे राहतं घर आईवडिलांचं आहे, तांदूळ शेतातला आहे. मुंबईत भाडं भरून हे तीन महिनेही जमलं नसतं, आणि घरच्यांचा हा वाटा मी हिशेबात धरतो.

पुण्यात नॉडिंग हेड्स या स्टुडिओने 'राजी' हा गेम केलाच ना, असंही विचारतात. केला, आणि मला त्यांचा फार अभिमान आहे. लोकवर्गणीची मोहीम फसल्यावरही ते थांबले नाहीत आणि २०२० मध्ये गेम आणला. पण तोही काही तासांत संपणारा, मोजका गेम आहे.

आमच्या गेममध्ये एक खाडी आहे, एक होडी आहे आणि दोन्ही काठांवरची माणसं आहेत. तो बनवायला गोडो हे फुकट इंजिन, म्हणजे गेम बनवायचं सॉफ्टवेअर, वापरतो. किल्ला लांबून दिसतो, आत जाता येत नाही. हा गेम खपला नाही तरी तिघांना पुढचा गेम सुरू करता यावा, एवढ्याच बेताने त्याचा आकार ठरवला आहे. दशावतार त्या पुढच्या गेमात घ्यायचा विचार आहे, तोही एकाच रात्रीचा, एकाच देवळापुढचा.