ओटीचा नारळ

मावशी आमच्याकडून बंगळुरूला परत निघाली तेव्हा पत्नीने तिची ओटी भरली, आणि ओटीतला नारळ सामानात टाकायचा नसतो या समजुतीने मावशीने तो खांद्यावरच्या पिशवीत ठेवला. विमानतळावर पिशवी क्ष-किरण यंत्रातून गेली, पट्टा थांबला, मागे आला आणि पुन्हा पुढे गेला. ड्युटीवरच्या तरुणीने अदबीने सांगितले, "माताजी, नारियल अंदर नहीं जाएगा." मावशी म्हणाली, "अगं बाळ, ओटीचा आहे तो!" सुरक्षेच्या नियमपुस्तकात ओटी हा शब्द नसल्यामुळे नारळ तिथेच राहिला, तांदूळ आणि ब्लाउजपीस तेवढे पुढे गेले.

त्या रांगेत उभे राहिले की ट्रेमध्ये पडणारी एकेक वस्तू कुठल्या तरी तारखेची आठवण वाटू लागते. शंभर मिलिलिटरच्या बाटल्यांचा नियम ऑगस्ट 2006 मध्ये लंडनला उघडकीस आलेल्या द्रवस्फोटकांच्या कटातून आला. डिसेंबर 2001 मध्ये पॅरिसहून मायामीला निघालेल्या विमानात एकाने बुटातली स्फोटके पेटवण्याचा प्रयत्न केला आणि त्यापायी अमेरिकेत पुढे कित्येक वर्षे कोट्यवधी माणसे अनवाणी रांगेत उभी राहिली. ती सक्ती 2025 च्या जुलैत उठली. चोराने एकदा खिडकी वापरली म्हणून आपण खिडकीला गज बसवतो, यात गैर काही नाही, पण पुढचा चोर खिडकीनेच येईल हे कोणी सांगावे?

म्हणून काही जण म्हणतात, वस्तू नव्हे, माणूस तपासा. 1968 मध्ये रोमहून निघालेले विमान अपहरण करून अल्जिअर्सला नेले गेले, त्यानंतर इस्रायलने ही वाट धरली आणि तिथले अधिकारी आजही प्रवाशाला प्रश्न विचारून त्याची नजर वाचतात. पद्धत तल्लख आहे, हे मान्य. पण प्रश्न कोणाला जास्त विचारायचे हे आडनाव आणि चेहरा पाहून ठरू लागते, आणि ते मला पटत नाही. ट्रे मठ्ठ असेल, पण मावशीचा नारळ आणि एखाद्या उद्योगपतीचा परफ्यूम तो एकाच निर्विकारपणे अडवतो.

मला विचाराल तर सर्वांत शहाणा नियम अगदी साधा आहे : ज्याची बॅग, तो विमानात हवा. 23 जून 1985 रोजी एअर इंडियाचे 'कनिष्क' आयर्लंडजवळ समुद्रात कोसळले आणि 329 माणसे गेली. ज्या बॅगेत बॉम्ब होता तिचा मालक विमानात चढलाच नव्हता. टोरोंटोला सामान तपासणारे क्ष-किरण यंत्रही त्या दिवशी मध्येच बंद पडले होते. अशा वेळी यंत्रापेक्षा उतारूंची यादी आणि बॅगांची यादी समोरासमोर ठेवणारा कारकून उपयोगी पडला असता.

उलट कधी कधी उपायच अंगाशी येतो. 2001 नंतर वैमानिकाच्या कक्षाचे दार बाहेरून फोडता येणार नाही इतके भक्कम झाले. मार्च 2015 मध्ये जर्मनविंग्ज या विमान कंपनीच्या सहवैमानिकाने त्याच दाराआडून मुख्य वैमानिकाला बाहेर ठेवले आणि विमान आल्प्समध्ये नेऊन आदळले. दीडशे माणसे होती त्यात.

मावशीला हे सारे सांगितले, तरी तिचा राग नारळावरच अडून बसला होता. त्यातच तिला कळले, की 2024 च्या हंगामात शबरीमलाच्या यात्रेकरूंना इरुमुडीतला, म्हणजे डोक्यावरून नेतात त्या पूजेच्या गाठोड्यातला नारळ, रीतसर तपासणी करून, विमानात बरोबर नेण्याची काही महिन्यांपुरती मुभा मिळाली होती. "मग ओटीनेच काय घोडं मारलं होतं?" तिने फोनवर विचारले. माझ्याकडे उत्तर नव्हते. यंदा ती आली, पत्नीने ओटी भरली, आणि मावशीने पदरातला नारळ सरळ उचलून पत्नीच्याच हातात दिला. "फोड," म्हणाली, "खोबऱ्याच्या वड्या करू. त्या पोटातून नेते."