व्हॅक्यूम टेबल: एमडीएफच्या कडेनं खाल्लेले तीन आठवडे

काल रात्री पावणेअकराला माझ्या मॉडेलची, म्हणजे मारुत या भारतीय लढाऊ जेट विमानाची कॅनपी (कॉकपिटवरचं पारदर्शक झाकण) साच्यावरून सुटून हातात आली. विंडस्क्रीनच्या बुडाशी जी दीड मिलिमीटरची पायरी आहे, ती तिच्यात उमटली होती. नखानं दोनदा चाचपून पाहिली. तीन आठवडे आणि पीईटीजी या पारदर्शक प्लॅस्टिकच्या चौदा शीट्स गेल्यावर पहिल्यांदा!

ही पायरी आजवर गोलच येत होती, आणि मागच्या दोन भागांत मी त्याचा सगळा दोष हीटरवर ठेवला होता. ते निदान चुकलं होतं. माझं वाचून कोणी आपल्या हीटरची कॉइल उसवायला घेतली असेल तर आधी थांबा आणि पुढचं वाचा.

नव्यानं येणाऱ्यांसाठी एवढंच, की तापवून मऊ केलेली प्लॅस्टिकची शीट साच्यावर टाकायची आणि खालची हवा ओढून ती साच्याला घट्ट बसवायची, हे या टेबलाचं काम. टेबलाचं तोंड ३०० बाय ४०० मिलिमीटर आहे. खोका १८ मिलिमीटर एमडीएफचा, वरची फळी १२ मिलिमीटरची आणि तिला दर २० मिलिमीटरवर दीड मिलिमीटरचं भोक. एसी दुरुस्तीवाले वापरतात तो सिंगल स्टेज पंप एका ५० लिटरच्या जुन्या कॉम्प्रेसर टाकीतली हवा आधी काढून ठेवतो, मग बॉल व्हॉल्व्ह उघडला की टाकी शीटखालची हवा एकदम ओढते. टाकी रविवारच्या जुन्या बाजारातून आणली आहे. मॉडेल १:१० चं, म्हणजे पंखांचा पसारा ९० सेंटिमीटर. जर्मन विमानरचनाकार कुर्ट टँकनं बंगळुरूला एचएएलमध्ये आखलेलं आणि १७ जून १९६१ ला पहिल्यांदा उडालेलं हे विमान आपल्याकडे फार थोडे जण बनवतात, आणि तयार कॅनपी कुठे मिळत नाही. हे सगळं टेबल त्यासाठी.

हीटरचं काम वाया गेलं नाही, हेही नोंदवतो. इन्फ्रारेड गनवर पूर्वी शीटच्या मध्यावर १५२ आणि कोपऱ्यात १३१ अंश यायचे. कडेच्या दोन ओळींमधली नायक्रोम कॉइल जवळ घेतल्यावर हा फरक ६ अंशांवर आला. आता शीट सगळीकडून सारखं पोट धरते. २५ मिलिमीटर लोंबली की खाली आणायची, घड्याळ बघायची गरज पडत नाही. इतकं होऊनही पायरी गोलच येत होती.

उष्णतेवरचा संशय उठला तो नवव्यांदा शीट ओढताना. मुद्दाम शीट जास्त तापवली, १६० च्या पुढे. साच्याच्या मागच्या टोकाला दोन मोठ्या घड्या पडल्या, म्हणजे प्लॅस्टिक पुरेसं मऊ होतं, किंबहुना जरा जास्तच. तरी पायरीत ते शिरलं नाही. जी शीट घडी पडण्याइतकी ढिली झाली आहे, तिला दीड मिलिमीटर खाली जायला उष्णतेची अडचण कशी असेल? तिला वरून दाबणारी हवाच कमी पडत होती.

पण गेज तर छान दिसत होता! व्हॉल्व्ह उघडल्यावर पाऱ्याचे ५९० मिलिमीटर, म्हणजे बाहेरच्या हवेपेक्षा तेवढा दाब कमी. (इथे एक गोष्ट सांगून ठेवतो. पुणे समुद्रसपाटीपासून ५६० मीटर उंच आहे, इथे हवेचा दाबच मुळात ७१० मिलिमीटरच्या आसपास असतो. मुंबईच्या मंडळींचे ७३०-७४० चे आकडे बघून इथल्या कोणी आपला पंप बदलायला जाऊ नये. माझा ६९० ला टेकतो आणि या कामाला तेवढं पुष्कळ आहे.) मी हिशेबही केला होता. टाकीत ५० लिटर जागा, त्यात २० मिलिमीटर दाबाची उरलीसुरली हवा. खोक्यात आणि शीटखाली मिळून ७ लिटर, ७१० ची. दोन्ही एक झाल्यावर आत साधारण १०५ उरायला हवेत, म्हणजे गेजवर ६०५. आलेले ५९० त्याच्या इतके जवळ होते की पुढे बघावंसंच वाटलं नाही.

चूक इथे होती. गेज टाकीवर होता. शीटखाली काय चाललंय ते मी कधी मोजलंच नव्हतं. बोहरी आळीतून दुसरा गेज आणला, साधा, ग्लिसरीन नसलेला, आणि खोक्याच्या बाजूला भोक पाडून बसवला. साच्यावर जुनीच शीट ठेवून व्हॉल्व्ह उघडला. टाकी ५९०, खोका ३८०. त्यातही खोक्याचा काटा ३८० ला पोचायला तीन सेकंद घेत होता. एक मिलिमीटरची शीट तेवढ्यात निवायला लागते. दर चौरस सेंटिमीटरला पाऊण किलोच्या वर दाब मिळायला हवा होता, तिथे अर्धा किलो मिळत होता आणि तोही उशिरा.

मग गळती शोधायची. टाकी एकटी बंद करून दहा मिनिटं ठेवली, काटा हलला नाही. टाकी आणि होज मिळून ठेवले, तरी हलला नाही. उरला खोका. साबणाच्या पाण्याचा इथे उपयोग होत नाही, कारण हवा आत जाते, फेस वर येत नाही, उलट पाणी आत ओढलं जातं. म्हणून देवघरातून उदबत्ती आणली, पंखा बंद केला, खिडक्या लावल्या आणि पंप चालू ठेवून धूर टेबलाभोवती फिरवला.

रबराच्या पट्टीपाशी धूर सरळ वर गेला. होजच्या क्लॅम्पपाशी, स्क्रूंपाशी, कोपऱ्यांच्या सांध्यांपाशीही सरळ. सांध्यांवर मी सिलिकॉन भरपूर ओतलं होतं, ते नीट बसलं होतं. आणि मग १८ मिलिमीटरच्या कापलेल्या कडेसमोर उदबत्ती नेली, तेव्हा धूर आडवा झाला आणि लाकडात शिरला. कुठेही फट नाही, चीर नाही. पूर्ण लांबीभर धूर एमडीएफच्या कडेत जिरत होता.

कारण कळल्यावर ते साधं वाटतं. एमडीएफ म्हणजे दाबलेले लाकडाचे बारीक तंतू. त्याच्या दोन्ही चेहऱ्यांवर घट्ट कातडं असतं, पण मधला गाभा सैल असतो आणि कापल्यावर तो गाभा कडेला उघडा पडतो. सीएनसी राउटरवाले (संगणकावर चालणाऱ्या यंत्रानं फळ्या कोरणारे) तर याचाच फायदा घेतात, व्हॅक्यूम टेबलावर एमडीएफची फळी टाकून तिच्यातून हवा ओढून माल धरून ठेवतात. हे मला वाचून माहीत होतं. माझ्या खोक्याच्या भिंतीही त्याच मालाच्या आहेत, हे मात्र डोक्यात आलं नाही.

खात्रीसाठी चारही कडांना पार्सलची चिकटपट्टी लावली आणि परत मोजलं. खोका ४९०. चिकटपट्टीनं शंभरावर मिलिमीटर!

त्यानंतरचे चार दिवस कडा बुजवण्यात गेले. पहिल्यांदा पाणी घातलेलं फेविकॉल, दोन हात. त्यानं एमडीएफ थोडं फुगलं आणि कड खरखरीत झाली, हा उपाय करू नका. ते घासून काढलं आणि एनसी सीलरचे (लाकडाची छिद्रं बुजवणाऱ्या लॅकरचे) तीन हात दिले, प्रत्येक हातानंतर ३२० चा पॉलिश पेपर. मग तळाला आणि बाहेरून चारही बाजूंना सनमायका. एनसी सीलर हा माझ्या मते या कामात सगळ्यात कमी कौतुक झालेला डबा आहे. वीस मिनिटांत वाळतो आणि कडेत खोल शिरतो. फक्त हीटर गार असताना आणि दारं उघडी ठेवून लावा, वाफ पेट घेणारी असते.

आता टाकी ६००, खोका ५८०. शीट सुटल्यावर जो पूर्ण पारदर्शक तुकडा हातात येतो, त्याची मजा वेगळीच असते. नाकापाशी जाडी ०.६ मिलिमीटर भरली, मागे ०.८. फ्रेमच्या रेषांवर मास्किंग टेप लावून रंग द्यायला एवढी जाडी चालेल.

काटा अजून उशिरा चढतो, जवळपास दोन सेकंद. त्याचा दोष टाकीच्या तोंडाच्या पाव इंची निपलचा आहे. आतलं भोक जेमतेम ८ मिलिमीटर, आणि पुढे मी हौसेनं एक इंची होज आणि एक इंची व्हॉल्व्ह लावलाय. सगळी हवा त्या ८ मिलिमीटरमधून जाते. टाकीला एक इंची सॉकेट वेल्ड करून घ्यायचं ठरवलंय. वरची फळी काढून अॅल्युमिनियमची टाकायचंही ठरवलं होतं, प्लेट कुठून घ्यायची याची चौकशी सुद्धा झाली होती.

पण कालपासून वाटतंय की ती प्लेट नको. जे एमडीएफ कडेतून एवढी हवा पिऊ शकतं, ते साच्याच्या कामी का आणू नये? मारुतच्या दोन्ही बाजूंच्या इनटेकमध्ये (इंजिनात हवा घेणाऱ्या तोंडांमध्ये) जे अर्धे शंकू आहेत, ते दोन्ही मला एचआयपीएस या अपारदर्शक प्लॅस्टिकमधून काढायचे आहेत. त्यांच्या साच्यांना बुडाशी एक मिलिमीटरची भोकं पाडायची म्हणजे ड्रिल तुटण्याची हमी, आणि प्रत्येक भोकाची टिकली प्लॅस्टिकवर उमटते. शंकूच जर बिनसीलरच्या एमडीएफमधून घडवला तर मधला सैल गाभा आपोआप पृष्ठभागावर येईल आणि हवा सगळीकडून सुटेल. साच्याखाली दोन्ही चेहऱ्यांचं कातडं रंध्यानं काढलेली एक पातळ फळी ठेवायची. खोका बाहेरून बंद, साचा आतून उघडा. कॅनपीला हे चालणार नाही, पारदर्शक शीटवर तंतूंचा पोत उमटेल. पण एचआयपीएसवर पुढे प्रायमर आणि घासकाम होतंच. कालच एक ठोकळा चिकटवून ठेवलाय, आज संध्याकाळी घडवायला घेतो. त्यामुळे वेल्डिंग एक आठवडा पुढे गेलं.

मालाबद्दल दोन शब्द. पहिल्या चौदापैकी तीन शीट्स मुळात पीईटीजी नव्हत्याच. दुकानदारानं तीच म्हणून दिल्या होत्या. तापवताना दुधासारख्या पांढऱ्या झाल्या, म्हणजे साधं पीईटी, ते हळू तापवलं की स्फटिक होऊन पांढरं पडतं. पीईटीजी तसं करत नाही. नवीन दुकानातून पहिल्यांदा आणाल तेव्हा एक चिंधी कापून हीटरखाली धरून बघा आणि मगच पूर्ण शीट घ्या. पॉलिकार्बोनेटची एक शीटही प्रयोगाला आणली होती. पावसाळ्यात गॅलरीत आठ दिवस पडली आणि तापवताना तिच्यात बारीक बुडबुडे उठले. आत मुरलेला ओलावा होता तो. ते आधी कित्येक तास १२० अंशांवर सुकवावं लागतं, तेवढा ओव्हन माझ्याकडे नाही, म्हणून तो नाद सोडला.

कॅनपीवर आता एकच गोष्ट उरली आहे. साचा पीओपीचा, घासून लॅकर दिलेला, तरी उन्हात धरल्यावर नाकाजवळ पुसटशी लहर दिसते. साच्यावर पातळ फ्लॅनेल ताणून बसवलं तर शीट थेट पृष्ठभागाला टेकत नाही आणि असे ठसे कमी होतात, असं अॅक्रिलिकवाले करतात. पण मग माझी दीड मिलिमीटरची पायरी कापडाखाली बुजेल का? एवढ्या लहान मापावर कोणी करून पाहिलं असेल तर कापडाची जाडी कळवा. दोन शीट्स त्यासाठी बाजूला काढून ठेवल्या आहेत.