ज्याने आणला, त्याने ऐकला कधी?

शनिवार, देवळाली कॅम्प

आर्मी कॅन्टीनमध्ये आज गर्दी नव्हती, तरी रांग हलत नव्हती. मशीन कार्ड घेईना. अशा रांगेत आम्ही माजी सैनिक दोनच विषय काढतो, पेन्शन आणि गुडघे. आज सुभेदारसाहेबांनी तिसरा काढला. त्यांच्या नातवाने माळ्यावरून जुना टू-इन-वन, म्हणजे रेडिओ आणि टेपरेकॉर्डर एकत्र, खाली आणला, नॅशनल पॅनासॉनिकचा, आणि विचारलं, ‘आजोबा, याला ब्लूटूथ बसेल का?’ झालं. मशीन सुरू होऊन बिलं निघायला लागली तरी कोणी पुढे सरकेना.

कोणाचा बुश निघाला, कोणाचा मर्फी, कोणाचा फिलिप्स. एकाकडे एचएमव्हीचा फिएस्टा होता, झाकण लावून हातात धरून न्यायचा रेकॉर्ड प्लेअर. एका नायकसाहेबांचे वडील गाझात होते, यूएनच्या फौजेबरोबर. १९५६ ते १९६७ आपली पलटण तिथे आलटून पालटून असायची. त्यांनी तिकडून ग्रुंडिगचा स्पूलवाला टेपरेकॉर्डर आणला होता. तो इतका जड, की स्टेशनवरून घरी आणायला टांगा करावा लागला आणि टांगेवाल्याने त्या पेटीचं भाडं वेगळं घेतलं. हा किस्सा नायकसाहेब इतक्या तपशिलात सांगत होते, की टांग्यात तेच बसले होते असं वाटावं. त्यांचा तेव्हा जन्मही झाला नव्हता.

मजा अशी, की प्रत्येकाला मॉडेल आठवतं, किंमत आठवते, दुकान आठवतं, सुट्टीवर निघताना तो कोणत्या पेटीत कसा बांधला तेही आठवतं. मी सहज विचारलं, ‘साब, त्यावर तुम्ही ऐकलंत काय?’ सुभेदारसाहेब थांबले. म्हणाले, ‘ऐकायचे घरचे.’

रात्री हे लिहिताना तेच डोक्यात आहे. साठ दिवसांची सालाना सुट्टी, वर कॅज्युअलचे थोडे दिवस. त्यात शेताचा बांध, बहिणीचं लग्न, वडिलांचं डोळ्याचं ऑपरेशन, तलाठ्याकडचे हेलपाटे. माणूस स्टिरिओपुढे बसणार कधी?

रविवार

माझा टेपरेकॉर्डर मी श्रीलंकेत त्रिंकोमालीला घेतला. १९८७ च्या जुलैत भारत-श्रीलंका करार झाला, ऑक्टोबरात तिथल्या आपल्या शांतिसेनेचं ऑपरेशन पवन सुरू झालं, आणि पुढे आम्हीही जहाजात चढलो. आम्ही गोलंदाज, म्हणजे तोफखान्यातले, पण तिथे तोफेपेक्षा रायफल घेऊन गस्तच जास्त घातली. त्या गोष्टी मी घरी कमी सांगितल्या आहेत आणि इथेही लिहिणार नाही. अकराशेहून जास्त जवान तिथून परतले नाहीत. त्यामुळे श्रीलंका म्हटलं की आधी टेपरेकॉर्डर आठवतो, असं म्हणताना जीभ अडखळते. पण आठवतो हे खरं.

श्रीलंकेने १९७७ पासूनच बाजार खुला केला होता. आपल्याकडे तेव्हा परदेशी टेपरेकॉर्डर घ्यायचा तर जबर आयात शुल्क भरा, नाहीतर मुंबईच्या मनीष मार्केटमध्ये जाऊन पिशवीत लपवून आणा, आणि आतला माल खरा निघाला तर नशीब म्हणा. तिथे मात्र साध्या दुकानातही काचेमागे सोनी, सान्यो, शार्प, आयवा ओळीने मांडलेले. सिन्नर तालुक्यातल्या पोराला तो थाट पाहूनच चक्कर यायची. दुकानदार तमिळ, मी मराठी, दोघांचं हिंदी सारखंच कच्चं. भाव बोटांवर झाला. त्याने कॅसेट घालून वाजवून दाखवलं, मी दोन्ही स्पीकरला आळीपाळीने कान लावला, डावा-उजवा आवाज खरंच वेगळा येतो का ते पाहिलं. मी ट्रेडने ओपीआर, म्हणजे वायरलेसवाला. फसवणूक झाली असती तर बॅटरीत, म्हणजे आमच्या तोफांच्या तुकडीत, तोंड दाखवायला जागा राहिली नसती.

ब्लँकेटच्या दोन घड्यांत गुंडाळून काळ्या ट्रंकेत ठेवला. मद्रासहून कल्याण, कल्याणला गाडी बदलून नाशिकरोड, तिथून एसटी. ट्रंक सीटखाली जाईना म्हणून तिच्यावरच बसून आलो.

घरी आईने त्याला हळदकुंकू लावलं. बायकोने पहिल्या आठवड्यात क्रोशाचं कव्हर विणलं. वडिलांना फक्त बाजारभाव ऐकायचे होते, तेही एवढा मोठा डबा असून रेडिओवरचेच. गावात वीज असून नसल्यासारखी, त्यामुळे मोठे सेल लागायचे, आणि सेल उतरले की आई ते पत्र्यावर उन्हात ठेवायची. उन्हाने सेलात थोडा जीव येतो, निदान बाजारभाव संपेपर्यंत पुरतो.

सुट्टी संपली, मी गेलो. मग घरून त्यावर भरलेल्या कॅसेट यायला लागल्या. पत्रापेक्षा कॅसेट बरी, कारण आईला लिहिता येत नव्हतं. वडील मात्र मायक्रोफोनच्या भोकापाशी तोंड नेऊन ओरडायचे. मुलगा लांब आहे, तर आवाजही तेवढाच लांब फेकायला हवा, असा त्यांचा हिशेब. ‘कांदाऽऽ काढला!’ आमच्या बराकीत ते वाक्य इतकं चाललं, की पंजाबी पोरंसुद्धा ‘कांदाऽऽ’ म्हणून हाका मारायची.

पुढच्या सुट्टीत आलो, तर प्लेच्या बटणावरचा बाण पुसून गेला होता. कॅसेटच्या कप्प्याचं दार सुतळीने बांधलेलं. गावच्या सप्ताहात सात दिवस कीर्तनं भरून घेतली होती, दोन लग्नांत हळदीला वाजवला होता, गणपतीत मंडळाच्या पोरांनी नेला होता. मी आधी चिडलो. मग बायकोने कापसाला स्पिरिट लावून हेड पुसलं, पिंच रोलर पुसला आणि म्हणाली, ‘आवाज फाटला की एवढं केलं की पुरतं.’ मला हे ट्रेनिंगमध्ये शिकवलं होतं. तिला कोणी शिकवलं ते तिने आजवर सांगितलेलं नाही.

मंगळवार

आमच्या धाकट्याने अमेरिकन माजी सैनिकांविषयी बरंच काही दाखवलं. त्यांच्याकडेही हेच वेड. व्हिएतनामच्या लढाईत त्यांच्या कॅन्टीनमधून, ज्याला ते पीएक्स म्हणतात, जपानी सामान स्वस्तात मिळायचं. जाडजूड कॅटलॉग असायचा. छावणीत बसून सान्सुई किंवा पायोनिअरचा रिसीव्हर, अकाई नाहीतर टीअ‍ॅकचा स्पूल डेक निवडायचा, आणि सामान थेट अमेरिकेत घरपोच. मधल्या विश्रांतीच्या सुट्टीत हाँगकाँग किंवा टोकियोला गेले की तिथूनही खरेदी. बहुतेकांची नेमणूक बारा महिन्यांची. पोरं विशीतली, पुष्कळशी बिनलग्नाची. परत गेली, डबे फोडले आणि स्वतःच त्यापुढे बसली. म्हणून त्यांच्या आठवणीत गाणी आहेत, आवाजाचे बारकावे आहेत, अमुक अ‍ॅम्प्लिफायरचा खर्ज आणि तमुकचा खर्ज यावर म्हातारपणी भांडणं आहेत. आमच्या आठवणीत टांग्याचं भाडं आहे.

हेवा वाटला का? थोडा वाटला.

गुरुवार

इंदिरानगरला नेव्हीकडे गेलो. नाव लिहीत नाही, तो नौदलात होता म्हणून सगळे त्याला नेव्हीच म्हणतात. त्याच्याकडे रेकॉर्ड वाजवायची, आजही चालणारी टर्नटेबल आहे, सत्तरच्या दशकात जपानला कोबे बंदरात घेतलेली. हा किस्सा त्याच्या तोंडून मी अनेकदा ऐकला होता. आज वहिनींकडून, म्हणजे त्याच्या बायकोकडून ऐकला, आणि तो वेगळाच निघाला.

जपानची घरगुती वीज १०० व्होल्टची. ते नेव्हीला ठाऊक होतं, म्हणून २३० वरून १०० वर उतरवणारा ट्रान्सफॉर्मर त्याने आणला, सगळं जोडून दिलं आणि जहाजावर परत गेला. पण व्होल्टपलीकडे आणखी एक भानगड असते, सायकलची, म्हणजे विजेची सेकंदाला किती आवर्तनं होतात त्याची. जपानच्या पूर्वेकडच्या भागात ५० सायकलची वीज आहे, पश्चिमेकडे ६० ची. टोकियो, योकोहामा ५० मध्ये येतात, ओसाका आणि कोबे ६० मध्ये. एकाच देशात दोन तऱ्हा. ट्रान्सफॉर्मर व्होल्ट उतरवतो, सायकलला हात लावत नाही. आणि त्या जातीची मोटर विजेच्या सायकली मोजून फिरते. ६० साठी बनलेली मोटर आपल्या ५० वर लावली की वेग सहाव्या हिश्श्याने घटतो. एलपी मिनिटाला ३३ आणि एक तृतीयांश फेरे घ्यायची, ती पावणेअठ्ठावीसवर येते.

वहिनींकडे शास्त्रीय गायक दत्तात्रेय विष्णू पलुस्करांची एलपी होती. पलुस्कर जन्माने नाशिकचे, १९२१ सालचे. वडील विष्णू दिगंबरांनी इथेच रामनाम आधाराश्रम काढला होता. मुलगा १९५५ मध्ये, उण्यापुऱ्या ३४ व्या वर्षी गेला, आणि मागे राहिल्या त्या रेकॉर्डी. वहिनी म्हणाल्या, ‘रेडिओवर बुवांचा आवाज कसा निर्मळ आणि वर जाणारा. आमच्या मशीनवर तेच बुवा थकलेले. तानपुरा तर झोपेत.’ हार्मोनियमच्या काळी एकमध्ये गाणारा माणूस खालच्या काळी पाचला जाऊन बसेल, एवढा तो फरक. शेजारणीला पटेना, तिला दोन्ही सारखंच वाटायचं. वहिनींनी नवऱ्याला पत्र लिहिलं. सात समुद्रांपलीकडून उत्तर आलं: ‘व्होल्टेज चेक कर.’

मग त्यांनी काय केलं, तर लेबलावर खडूची खूण केली, घड्याळ समोर ठेवलं आणि फेरे मोजले. बायको बाजूला बसून पळं मोजते आहे आणि मोजून मोजून सत्तावीस-अठ्ठावीसच भरतात, हे चित्र मला फार आवडलं. त्यांनी एका इंजिनिअर शेजाऱ्याला गाठलं, त्याने सायकलचा उलगडा केला. मोटरच्या दांड्यावर एक बारीक पितळी पुली असते. तिचा व्यास पाचव्या हिश्श्याने वाढवला की हरवलेला वेग भरून निघतो. सातपूरच्या एमआयडीसीत ओळखीच्या टर्नरकडून वहिनींनी ती पुली करून घेतली. पहिली थोडी जाड झाली, तर बुवा घाईत गायला लागले. दुसरी बसली.

‘आणि मग?’ मी विचारलं.

‘मग काय, वर्षभर मी सावकाश ऐकलं होतं ना. प्रत्येक तान कुठून निघते आणि कुठे वळते ते पाठ झालं होतं. खऱ्या वेगाने लावलं तेव्हा कुठे कळलं, की हा माणूस काय करतो आहे.’

नेव्ही शेजारी बसून चहा ढवळत होता. इतकी वर्षं ‘आम्ही पुली बदलली’ असं सांगत आला आहे. त्या वेळी तो कोचीला होता.

वहिनींनी एलपी लावली. इथे मला माझं एक गाऱ्हाणं मांडायचं आहे. नोकरीत आम्ही १३० एमएमच्या तोफांशेजारी उभे राहिलो, कानात फार तर कापसाचा बोळा. दणक्याने कान जातो तो सगळा एकदम जात नाही. आधी चार हजार हर्ट्झच्या आसपास खड्डा पडतो, मग तो रुंदावतो. तपासणीच्या कागदावर माझी रेघ त्या जागी विहिरीत पडल्यासारखी खाली जाते. बोलणं ऐकू येतं, पण ‘स’ आणि ‘फ’ गळतात. भजनात पखवाज पोचतो, टाळ पोचत नाहीत. सेवेत असताना ऐकायला वेळ नव्हता, आता वेळ आहे तर वरचे सूर माझ्यासाठी बंद झाले आहेत. कॅन्टीनच्या रांगेतले निम्मे गोलंदाज असेच. म्हणून आमच्यापैकी ज्यांच्याकडे जुना स्टिरिओ अजून चालू आहे, त्यांचा ट्रेबलचा खटका शेवटपर्यंत फिरवलेला असतो, आणि घरातले कावलेले असतात.

नेव्हीकडे मी खटका शोधत होतो. वहिनींनी माझा हात बाजूला केला. ‘भाऊजी, ते तिथेच राहू द्या. तुम्ही इकडे या.’ त्यांनी मला स्पीकरच्या अगदी पुढ्यात मोडा दिला आणि बोटाने सांगत गेल्या: आता वर जातात, आता खाली येतात, आता सम. मला जे ऐकू येत नव्हतं ते त्यांच्या बोटावर दिसत होतं.

निघताना कामाचं बोललो. पुण्याचा एक मुलगा अशी जुनी मशीन घेतो आणि पैसे चांगले देतो, सुभेदारसाहेबांनी त्याचा नंबर दिला होता. नेव्हीला म्हटलं, ‘विकायची का?’

‘मला काय विचारतोस? मी फक्त उचलून आणली. हिला विचार.’

वहिनींनी भाव विचारला, ऐकला, आणि म्हणाल्या, ट्रान्सफॉर्मर नेऊ दे, तो तापून वास येतो. तेवढ्यासाठी तो मुलगा पुण्याहून येणार नाही हे मी सांगितलं, तर म्हणाल्या, मग नवा ट्रान्सफॉर्मर कुठे मिळेल ते बघा. उद्या शालिमारच्या बाजारात जाऊन येतो. २३० ते १००, शंभर वॅटचा पुरेल.