मे महिन्यात मुंबई बघायला ठाण्यात उतरणाऱ्या पाहुण्यांसाठी

शाळांना सुट्टी लागली की आमच्या नौपाड्यातल्या दोन खोल्यांचं लॉज होतं. यंदा सोलापूरची मावसबहीण, दाजी आणि त्यांची दोन पोरं. सिद्धेश्वर एक्स्प्रेसने पहाटे कल्याणला उतरून घरी आले आणि चहा अर्धा पण झाला नव्हता तर दाजींनी खिशातून यादी काढली. गेटवे, घारापुरी, राणीची बाग, म्युझियम, हाजी अली, जुहू, सगळं दोन दिवसांत. म्हटलं दाजी, जन्म ठाण्यात गेला तरी एवढं मी पण नाही बघितलं.

दाजींचा सगळा हिशोब किलोमीटरचा. पण इथे किलोमीटरमध्ये कोण बोलतं हो. १६ एप्रिल १८५३ ला पहिली गाडी बोरीबंदरहून (आताचं सीएसएमटी) ठाण्याला आली तेव्हा ते अंतर ३४ किलोमीटर होतं, आजही साधारण तेवढंच आहे, पण सकाळी ९ ला निघालात तर ते वेगळं आणि दुपारी १२ ला निघालात तर वेगळं. "किती लांब आहे" असं विचारूच नका, "किती वाजता निघू" असं विचारा.

मी नको नको म्हणत होते तरी पहिल्या दिवशी सगळे ९ ची फास्ट पकडायला गेले. दाजी दाराजवळ उभे, पाठीवर सॅक, त्यात घरून बांधून घेतलेली धपाटी. घाटकोपर आलं. दाजी काही उतरले नाहीत, त्यांना उतरवलं गेलं! गाडी सुटली तेव्हा ते प्लॅटफॉर्मवर, बायकापोरं गाडीत, आणि फोन ताईच्या पर्समध्ये. म्हणून हे घरातून निघायच्या आधीच ठरवा, चुकामूक झाली तर प्लॅटफॉर्मवर राहिलेल्याने तिथेच थांबायचं आणि गाडीतल्यांनी पुढच्या स्टेशनला उतरून मागे यायचं. दोघं एकमेकांना शोधत फिरले की दिवस संपला. आणि सॅक पाठीवर नाही, पोटावर. पाठीवर सॅक घेतलेला माणूस पाहुणा आहे हे अख्ख्या डब्याला कळतं.

आता निघायचं कधी, तर पोरं उठत असतील तर सकाळी ७ च्या आत, नाहीतर सरळ ११ नंतर. परतताना ४ च्या आत ठाण्याच्या गाडीत बसा नाहीतर मरीन ड्राइव्हवर निवांत बसून ९ नंतर निघा, मधल्या वेळात सीएसएमटीहून कर्जत-कसारा फास्टमध्ये ठाण्यासाठी चढू नका, लांबची माणसं रागावतात आणि त्यांचं बरोबरच असतं. जाताना ठाण्याहून सुटणारी स्लो घ्या, तासभर लागतो पण बसायला मिळतं आणि खिडकीत बसलेली पोरं गप्प राहतात. एसी लोकलचं तिकीट महाग आहे पण मे महिन्यात मला ते वसूल वाटतं, फक्त साधं तिकीट घेऊन तिच्यात चढू नका, दंड होतो. साध्या गाडीत डब्याच्या बाहेर पट्टे मारलेले दिसले की फर्स्ट क्लास आहे की लेडीज ते आधी वाचायचं, मग चढायचं.

वारांचं पण बघा. सोमवारी घारापुरीच्या लेण्या बंद, बुधवारी राणीची बाग बंद, रविवारी मेगाब्लॉक (दुरुस्तीसाठी काही गाड्या बंद) असतो तो आदल्या दिवशीच बघून ठेवायचा. दाजींचं घारापुरी नेमकं सोमवारी होतं, ते मंगळवारवर ढकललं. गेटवेहून बोटीला तासभर लागतो, वर पायऱ्या आहेत, आणि माकडं हातातली बाटली ओढून नेतात त्यामुळे खाऊ बाहेर काढायचा नाही.

उन्हाचं मात्र मनावर घ्या. दाजी म्हणाले आमच्याकडे ४२ असतं, तुमचं ३५ म्हणजे थंडीच की. हवेत इतका दमटपणा असतो की घाम वाळत नाही, आणि घाम वाळला नाही तर अंग गार कसं होणार? सोलापुरात सावलीत गेलं की बरं वाटतं, इथे सावलीत पण अंग चिकचिकतं. हट्टाने सीएसएमटी ते गेटवे भर दुपारी चालत गेले आणि संध्याकाळी पायात गोळे येऊन झोपले, मग मीठ-साखर-लिंबू पाणी करून दिलं. जीन्स घरी ठेवा, सुती कपडे घाला, प्रत्येकाची पाण्याची बाटली वेगळी, १२ ते ४ म्युझियमसारख्या छपराखालच्या जागी. उसाचा रस प्या पण बर्फ नको सांगा.

रिक्षा मीटरनेच, कमीत कमी भाडं २६ रुपये आहे, सुट्टे ठेवा. आणि रिक्षा सायन-माहीमच्या पुढे जात नाही, तिथून टॅक्सी किंवा बस, त्यामुळे "घरून रिक्षाने थेट गेटवे" हे डोक्यातून काढा.

शेवटी यादीतलं जुहू आणि हाजी अली राहिलंच. एक दिवस ठाण्यातच काढला. सकाळी मामलेदारची मिसळ (मध्यम सांगा, तिखट सांगून सोलापूरकर पण घामाघूम झाले, मला फार बरं वाटलं), दुपारी सगळे पंख्याखाली आडवे, संध्याकाळी कोपिनेश्वराचं दर्शन आणि तलावपाळीला बोटिंग. पोरांना विचारलं काय आवडलं, तर धाकटा म्हणाला बोट. म्हटलं घारापुरीची ना? तर नाही, तलावपाळीची, ती आपली आपल्याला चालवता येते.

दाजी अजून घाटकोपरबद्दल बोलत नाहीत.