स्क्रीनवर १६, पोटावर २४

मंगळवार, रात्री उशिरा

आयसीयूतल्या नऊ नंबरच्या बेडवरच्या आजी दिवसभर अगदी शांत. उभा जन्म चुलीच्या धुरात गेलेला, त्यातून सीओपीडी (श्वासनळ्या अरुंद करणारा फुफ्फुसांचा जुनाट आजार), वर आता न्यूमोनिया. व्हेंटिलेटर प्रेशर सपोर्टवर, म्हणजे श्वास त्यांनी सुरू करायचा आणि मशीनने दाब देऊन मदत करायची. स्क्रीनवर रेट मिनिटाला १६ श्वास, एकही अलार्म नाही. राउंड पुढे सरकणार तेवढ्यात सिस्टर म्हणाल्या, "सर, पोट बघा ना त्यांचं." चादर बाजूला करून घड्याळ लावलं. मिनिटाला २४. दर तिसरा श्वास मशीनला कळतच नव्हता.

स्क्रीन फ्रीझ करून फ्लोची, म्हणजे हवेच्या प्रवाहाची रेघ पाहिली. श्वास सोडतानाची रेघ शून्याला टेकायच्या आत पुढचा श्वास सुरू, आणि मधेमधे तिच्यावर बारीकसा उंचवटा. तो आजींचा वाया गेलेला श्वास. छातीत हवा कोंडलेली असली की आधी तिचा दाब स्वतःच्या ताकदीवर ओढून काढावा लागतो, मग कुठे मशीनच्या ट्रिगरला, म्हणजे श्वासाची सुरुवात ओळखणाऱ्या यंत्रणेला, सुगावा लागतो. सपोर्ट, म्हणजे मदतीचा दाब, होता १८. मदत जास्त दिली की श्वास मोठा होतो, लांबतो, सोडायला वेळ उरत नाही आणि हवा आणखी कोंडते.

सपोर्ट टप्प्याटप्प्याने १२ वर आणला. मशीनने श्वास लवकर थांबवावा म्हणून एक्स्पिरेटरी ट्रिगर (आत जाणारा प्रवाह कमाल प्रवाहाच्या किती टक्क्यांवर उतरला की श्वास थांबवायचा ती मर्यादा) २५ टक्क्यांवरून ४५ वर नेला, पीप (श्वास सोडल्यावरही मशीन राखतं तो दाब) ५ चा ७ केला. उंचवटे जवळजवळ गेले. पण स्क्रीनवरचा रेट २३ झाला आणि रेसिडेंट डॉक्टर घाबरला. "सर, थकतायत त्या. परत वाढवू?" त्याला पोट मोजायला लावलं. तिथेही २३. दम आधीही एवढाच होता, मशीन आत्ता तो मोजायला लागलं होतं.

गोंगाट करणाऱ्या पेशंटकडे सगळे धावतात. चार नंबरचा एआरडीएसवाला (फुफ्फुसं सुजून पाणी भरलेला) मुलगा डबल ट्रिगर करतो, म्हणजे दर श्वासाला किलोमागे ६ मिली हवा लावलेली असताना एकावर एक दोन श्वास जाऊन छातीत जवळपास दुप्पट हवा. ते लपत नाही, अलार्म बोंबलतो. आजींसारख्यांचं तसं नाही. २००६ साली फ्रान्समध्ये ६२ रुग्णांचा अभ्यास झाला होता, त्यातही सगळ्यात जास्त सापडले ते हेच वाया गेलेले श्वास. ज्यांचं मशीनशी फार बिनसलेलं होतं ते जास्त दिवस व्हेंटिलेटरवर राहिले. त्यामुळेच राहिले की मुळात जास्त आजारी होते, हे त्यावरून ठरत नाही. पण अशा पेशंटला झोपेचं औषध वाढवलं तर प्रयत्न आणखी क्षीण होतात आणि आणखी श्वास वाया जातात, एवढं नक्की.

नाइटवाल्याला सांगून आलोय: रेट २३-२४ चालेल, सपोर्टला हात लावू नकोस. तिशीच्या वर गेला, घाम फुटला किंवा मानेचे स्नायू ओढायला लागले तर फोन कर. सकाळी एबीजी (रक्तातल्या वायूंची तपासणी) बघून पुढचं ठरवू.