येझदीच्या मीटरवरचे स्टिकर

आजचा जवळजवळ संपूर्ण रविवार साताऱ्यातील घराच्या अंगणात, वडिलांच्या जुन्या येझदी मोटारसायकलच्या स्पीडोमीटरवरचे स्टिकर काढण्यात गेला. येझदी बनवणाऱ्या आयडियल जावाचा म्हैसूरचा कारखाना १९९६ मध्येच बंद पडल्याने मूळ मीटर मिळणे अवघड आहे, त्यामुळे घाई करण्याची माझी हिंमत नव्हती. या मीटरवर मागे कोणीतरी काचेऐवजी अ‍ॅक्रिलिकचे झाकण बसवले आहे, आणि अ‍ॅक्रिलिकला थिनर किंवा अ‍ॅसिटोन लागले की ते धुरकट होऊन त्यावर बारीक भेगा पडतात. म्हणून शेजारच्या काकांनी आपुलकीने आणून दिलेली थिनरची बाटली मी तशीच परत केली. (ब्लेडही.) हेअर ड्रायर दूर धरून झाकण कोमट होईपर्यंत ऊब दिली, जुन्या एटीएम कार्डाच्या कडेने कागद हळूहळू उचलला आणि उरलेल्या चिकट थरावर कापसाने खोबरेल तेल लावून अर्धा तास वाट पाहिली. तेल कडेच्या फटीतून आत उतरू नये म्हणून मीटर उलटे धरावे लागले, आणि खरा वेळ त्यातच गेला. शेवटी साबणाच्या पाण्यात पिळलेल्या मऊ फडक्याने पुसले. ओरखडा एकही नाही. मात्र उन्हाने पिवळसर झालेल्या झाकणावर स्टिकरच्या जागी एक स्वच्छ चौकोन तेवढा उरला आहे.