रामटेकची सकाळ

पहाटे साडेचारला निघालो. नागपूरहून रामटेक ५० किलोमीटरच्या आसपास, त्यामुळे उजाडायच्या आत गडावर. माझ्या फोटोग्राफी वर्कशॉपला पाच जण, त्यातले तिघे मोबाइलवाले. मला तेच आवडतं.

सगळ्यांना आधी केवल नरसिंहाच्या देवळात नेलं. पाचव्या शतकातलं, वाकाटक राजांच्या काळातलं हे देऊळ. बाहेरून इतकं साधं की लोक सरळ पुढे निघून जातात. आत लाल दगडाची बसलेली मूर्ती. फ्लॅश बंद, हे पहिलंच सांगितलं. समोरून फ्लॅश मारला की दगड सपाट दिसतो, घडवणाऱ्याचा हात हरवतो. दारातून येणारा तिरपा उजेड खांद्यावर उतरेपर्यंत आम्ही वीस मिनिटं नुसते बसलो. मग कमी उजेडासाठी आयएसओ (कॅमेऱ्याची उजेड टिपायची संवेदनशीलता) १६००, कोपर भिंतीला टेकवून, श्वास रोखून एकच क्लिक.

दर्शनाला आलेल्या एक आजी म्हणाल्या, "फोटो काढ बाप्पा, पण पहिले पाया तर पड." पडलो.

उतरताना तर्री-पोहे. घरी येऊन सत्तर फोटोंतले चारच ठेवलेत. त्यातला एक मोबाइलवरचा, एका पोरीनं काढलेला. माझ्या सगळ्या फोटोंपेक्षा सरस आहे तो. पुढच्या रविवारी नगरधनचा किल्ला, पुन्हा साडेचारलाच.